वीस गुंठे विकून इन्सुलिन पंप घ्यायचा का?

"मॅडम, वीस गुंठे काढायचं ठरवलंय. गिऱ्हाईक बी बघून ठेवलंय. पोरीला पंप लावूया."

निपाणीच्या अलीकडच्या एका गावाहून आलेले ते वडील खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलून मोकळे झाले. शेजारी बायको, आणि दोघांच्या मध्ये नऊ वर्षांची पोरगी, दप्तर मांडीवर घेऊन. तिला दोन वर्षांपूर्वी टाइप १ मधुमेह निघाला, म्हणजे अंगात इन्सुलिन तयार होत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं. तेव्हापासून रोज चार सुया. शुगर कधी ६० वर, कधी ३५० वर. नात्यातल्या कुणीतरी मोबाइलवर इन्सुलिन पंपाचा, म्हणजे अंगावर बाळगून नळीनं सतत इन्सुलिन सोडणाऱ्या यंत्राचा, व्हिडिओ दाखवला आणि घरात एकच विषय सुरू झाला.

बेळगावात मधुमेह असलेल्या मुलांच्या घरच्यांशी बोलायचं काम मी करते. चिकोडी, खानापूर, हुक्केरी, पलीकडून चंदगड, सगळीकडून आईबाप येतात आणि पंपाचं विचारतात. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो त्या दिवशी आईनं विचारला, तेही नवरा बाहेर पाणी प्यायला गेल्यावर. "पंप नाही लावला तर आम्ही लेकराला कमी पडलो म्हणायचं की काय?"

मी तिला लगेच सांगितलं, नाही. वेळेवर सुया, वेळेवर तपासणी आणि खाण्याचा हिशोब हा पूर्ण उपचार आहे. तो परवडणाऱ्यांचा एक आणि न परवडणाऱ्यांचा दुसरा असा नसतो. पंपानं काही मुलांचं जगणं खरोखर सोपं होतं, हेही खरं. पण जमिनीला हात लावण्याआधी शुगर एवढी वरखाली का होते ते बघायला हवं होतं.

पोरीला पलंगावर झोपवून मी पोटावरून बोटं फिरवली. बेंबीच्या डाव्या अंगाला सुपारीएवढ्या दोन गाठी लागल्या. मऊसर, न दुखणाऱ्या. त्याच त्या जागी सुई टोचत राहिलं की अशी चरबी धरते, आणि तिथं दिलेलं इन्सुलिन कधी लगेच उतरतं, कधी तासन्‌तास अडकून बसतं. "तिथं दुखत नाही म्हणून मी तिथंच घेते," पोरगी म्हणाली. तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोट, मांड्या, दंडाची मागची बाजू, ढुंगण, अशा जागा आळीपाळीनं वापरायच्या, हे मी तिच्याच वहीत चित्र काढून दाखवलं. डॉक्टरांशी बोलून डोसही थोडा उतरवला, कारण गाठ सोडून चांगल्या जागी टोचलं की तोच डोस जास्त काम करतो आणि शुगर एकदम खाली येऊ शकते.

मग वही उघडली. रोज रात्री एकच नोंद: भाकरी १. इन्सुलिन तेवढंच. सकाळची शुगर मात्र एक दिवस ९०, दुसऱ्या दिवशी २१०.

"भाकऱ्या कोण थापतं?"

"कधी मी, कधी सासूबाई."

मी त्यांना एक काम दिलं. किराणा दुकानात मिळतो तसला छोटा काटा घ्यायचा आणि आठवडाभर प्रत्येक भाकरीचं पीठ मोजायचं. आठ दिवसांनी फोन आला. आईच्या भाकरीला ९० ग्रॅम जोंधळ्याचं पीठ लागत होतं, आजीच्या भाकरीला ६०. शंभर ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे अंगात साखर होणारा भाग, धरली तर एका भाकरीत ६३ आणि दुसरीत ४२. या पोरीला पंधरा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन लागतं. म्हणजे भाकरी एकच, आणि फरक जवळजवळ दीड युनिटाचा. नऊ वर्षांच्या पोरीची शुगर तेवढ्यानं शंभरानं इकडची तिकडं होते.

पंपाला हे कळत नाही. अंगावर चिकटवून शुगर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला नवा पंप दर पाच मिनिटांनी शुगर बघतो आणि जेवणाशिवाय सतत थोडंथोडं सोडायचं इन्सुलिन कमीजास्त करतो, रात्रीच्या वेळी तर ते फार उपयोगाचं. पण जेवताना ताटात किती कर्बोदकं आहेत हे माणसानंच त्याला सांगायचं असतं. चुकीचं सांगितलं तर तो चुकीचंच देतो.

वडिलांना मी दुसरी गोष्ट समजावली, आणि ती मी प्रत्येक घराला समजावते. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. दिवसभर पुरणाऱ्या सुईचा साठा अंगात नसतो. नळी दुमडली, कॅन्युला, म्हणजे कातडीखाली बसवलेलं नळीचं बारीक टोक, निसटली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तीनचार तासांत रक्तात कीटोन नावाचे विषारी आम्लपदार्थ चढू लागतात, उलट्या सुरू होतात. म्हणून पंप असलेल्या घरातही इन्सुलिनचं पेन आणि सुया कायम हाताशी लागतात. सुया सुटतात या भरवशावर पंप घेऊ नये.

आणि खर्च. पंप लाखांत जातो, ते त्यांना ठाऊक होतं. दर दोनतीन दिवसांनी बदलायचा नळीचा संच, इन्सुलिनची कुपी, सेन्सर, हे धरून महिन्याचा खर्च सहज पाच आकडी होतो, ते कुणी सांगितलं नव्हतं. वीस गुंठे एकदाच विकता येतात. सामान दर महिन्याला लागतं. पैसे कमी पडले की घरचे तीन दिवसांचा संच सहा दिवस वापरतात, मग जागा पिकते, नळी तुंबते. शेवटी कपाटात ठेवून दिलेले पंप मी पाहिलेत, आणि त्या घरांतल्या आईबापांचे चेहरेही.

पोरीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. पंप अंगावर बाळगणं कसं वाटतं ते तिला कळावं म्हणून मी काडीपेटीत वाळू भरली, ती कापडी पिशवीत घातली, सलाइनच्या नळीचा तुकडा पोटाला पट्टीनं चिकटवला. "पाच दिवस हे काढायचं नाही. झोपतानाही नाही." तिसऱ्या दिवशी लंगडी खेळताना तिनं काढून मैत्रिणीकडं दिलं. खोटं काहीच बोलली नाही, तसंच सांगितलं. "सगळ्या विचारत होत्या, हे काय म्हणून."

सगळ्यांना मी थांबा म्हणत नाही. खानापूरकडचं अडीच वर्षांचं एक लेकरू होतं. त्याला लागायचं एवढं थोडं इन्सुलिन की पेनचं अर्धं युनिटसुद्धा जड जायचं. खाईल की ताट ढकलेल याचा नेम नाही, रात्री शुगर ५० वर यायची. पंप ०.१ युनिटाहून कमीही देऊ शकतो. घरात दोन पगार होते, आई हिशोबात पक्की होती. त्यांना मी होऊन म्हटलं, डॉक्टरांशी बोला, उशीर करू नका.

निपाणीच्या त्या घरानं इसार घेतला नाही. पंपाऐवजी तीन महिन्यांतून एकदा चौदा दिवसांचा सेन्सर लावायचा, त्यातून रात्री काय होतं ते बघायचं, एवढं ठरलं. शाळेच्या बाईंना मी चिठ्ठी दिली. मुलगी घामेजली, हातपाय थरथरले, गप्प झाली तर शुगर खाली गेली समजून आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. चिठ्ठीच्या मागं वडिलांनी कन्नडमध्येही लिहून घेतलं, बसमधल्या कंडक्टरला वाचता यावं म्हणून. पोरीनं त्यातलं एक वाक्य पाठ केलंय, "सक्करी कोड्री", म्हणजे साखर द्या.

सहा महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ९.८ वरून ८.१ वर आलं. अजून खाली यायला हवं, आणि पंपाचा विषय आम्ही मिटवलेला नाही. "आठवीत गेल्यावर बघूया, तेव्हा मीच सांभाळीन," असं ती म्हणते. तोवर वडील दर महिन्याला थोडे बाजूला टाकतायत. पंपाला नाही, महिन्याच्या सामानाला किती जमतं ते आधी बघायचं म्हणून.

परवा तिनं वही दाखवायला आणली. तारीख, वेळ, शुगर, युनिट, टोचायची जागा, हे रकाने मी आखून दिलेले. शेवटी एक बारीक रकाना तिनं स्वतः पट्टीनं आखला होता. वर लिहिलं होतं, "कुणाची भाकरी". खाली ओळीनं, "आ", "आ", "जी", "आ", "जी".