कुजलेला फूटबोर्ड भंगारात देऊ नका

प्रश्न: आजोबांची १९२९ ची फोर्ड मॉडेल ए आहे. दोन्ही फूटबोर्डांची, म्हणजे दारांखालच्या लांब पायऱ्यांची, गंजून चाळण झाली आहे. डेंटर म्हणतात, हे भंगारात द्या, नवे करून देतो. देऊ का? (सातारा)

मुळीच नका देऊ. हात लागताच पापुद्रे सुटणारा तो पत्रा हाच तुमच्याकडचा नकाशा आहे. कड किती खाली वळली आहे, बोल्टची भोकं कुठे आहेत, मडगार्डशी किती फट ठेवली आहे, हे सगळं त्यात सापडतं. पत्रा खाऊन गेलेल्या जागी मागून पुठ्ठा चिकटवा, तुकडा कागदावर ठेवून आखा आणि त्यावरून पातळ प्लायचा फर्मा कापा. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. एकदा मी उजव्याचाच फर्मा उलटा करून डावा बोर्ड केला आणि मागचं भोक सहा मिलिमीटर चुकलं. नव्वद वर्षांत गाडीने ठोकाठोक सोसलेली असते, दोन्ही बाजू सारख्या राहिलेल्या नसतात.

फर्मा लावून बघताना गाडी चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नको. दारं लावलेली असू द्या आणि मडगार्डचे बोल्ट नुसते अडकवा, आवळू नका. पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पुरतो. कडा हातोडीने वळवू देऊ नका. एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे आठ फुटी बेंडिंग प्रेस मिळेल, तिथे एका दाबात सरळ कड येते. बोर्डावर लांब नाळ्या (पत्र्यात दाबून काढलेल्या खाचा) असतील तर आधी नाळ्या, मग कडा. नाळी पाडताना पत्रा आखडतो, म्हणून कापताना चारही बाजूंनी इंचभर जास्त ठेवा.

प्रश्न: माझी १९३३ ची फोर्ड व्ही-एट. अमेरिकेत मॉडेल ए चे नवे फूटबोर्ड स्वस्त दिसतात. थोडे कापून बसतील? (पुणे)

नाही बसणार. मॉडेल ए चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १०३.५ इंच, १९३२ च्या फोर्डचा १०६ आणि तुमच्या गाडीचा ११२. कापायचा प्रश्नच नाही, इथे साडेआठ इंच कमी पडतात! तुमच्याच सालाचे मिळाले तर जरूर घ्या, पण पैसे भरण्याआधी भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची मापं मागवा. विमानाने येणाऱ्या खोक्याचं भाडं बहुधा आकारावर लागतं: लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागलं की येईल तेवढे किलो धरतात. १७० × ३५ × २० सेंटिमीटरचं खोकं, भागिले ५०००, म्हणजे जवळपास २४ किलो. आतला माल हलका असला तरी भाडं २४ किलोचं.

प्रश्न: आमच्या जुन्या टूररला (उघड्या टपाच्या गाडीला) लाकडी फूटबोर्ड आहेत. सुताराने प्लायचे करून दिले, दोन पावसाळ्यांत फुगले. (रत्नागिरी)

पाणी वरून आत शिरत नाही, कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून शिरतं. फुगलेला बोर्ड उलटा करून पाहा: भोकांभोवती काळे डाग आणि कडेला सुटलेले थर दिसतील. प्लायच वापरायचा असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या. पण मला विचाराल तर पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान शोधा. ते पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, फारसं वाकत नाही आणि रंध्यावर आलं की जो तेलकट वास सुटतो, त्यावरूनच लाकूड कळतं.

भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, वाळलं की त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. खालची बाजू आणि कडा वरच्या बाजूइतक्याच मन लावून रंगवा. वरून लिनोलियम लावणार असाल तर खरं, जवसाच्या तेलाचं आणि बुचाच्या भुशाचं मिळतंय का बघा. व्हिनाइल चकाकतं आणि त्या काळच्या गाडीवर डोळ्यांना खुपतं. कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला पितळी स्क्रू लावू नका. खाऱ्या हवेत पितळेपाशी ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी पडते. स्टेनलेसचे स्क्रू ग्रीसमध्ये बुडवून लावा.

प्रश्न: लग्नात लोक फूटबोर्डवर उभे राहून फोटो काढतात. आता बोर्ड मध्येच झुकला आहे. खालून अँगल वेल्ड करू का? (कोल्हापूर)

चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग नको. बोर्डाला दोष देण्याआधी तो ज्यांवर टेकतो ते ब्रॅकेट तपासा. बोर्ड काढा, पहिल्यापासून शेवटच्या ब्रॅकेटपर्यंत दोरी ताणा. मधला ब्रॅकेट खाली गेलेला असेल किंवा त्याचे रिव्हेट हलत असतील. ब्रॅकेट उतरवून सरळ करून घ्या आणि सैल रिव्हेट काढून जुन्याच भोकांत पुन्हा रिव्हेट मारून घ्या. नवं भोक पाडू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल, तर चासीत फेरफार चालत नाही. ब्रॅकेट आणि बोर्डामध्ये रबराची पट्टी टाका, मगच आवळा. मग एका माणसाला मधोमध उभं करा आणि दोरी पुन्हा बघा. दोन-तीन मिलिमीटर झुकून तो उतरल्यावर बोर्ड जागेवर आला, तर काम झालं. बोर्ड झुकलेलाच राहिला, तर ब्रॅकेटला बारीक तडा असू शकतो. तारेच्या ब्रशने गंज काढून वाकणाऱ्या कोपऱ्यात बघा, असेल तर बहुधा तिथे सापडेल.