अर्ध्या रिळावर अडकलेल्या मुलीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जुन्या फिल्मच्या दुरुस्तीत आठ दिवसांत एकच रीळ, तेही अर्धं, आणि जेवतानाही हाताला व्हिनेगरचा वास येतो, असं लिहिलंस. वैताग येणारच. हजार फुटांचं 35 मिमीचं रीळ पडद्यावर अकरा मिनिटांत संपतं. पण फुटाला 16 चौकटी, म्हणजे चौकटी झाल्या 16,000 आणि फिल्म पुढे सरकवणारी दोन्ही कडांची भोकं, चौकटीला आठ, धरली तर 1,28,000. ती सगळी तुझ्या बोटांखालून जायची आहेत. एक फाटकं भोक नजरेतून सुटलं, की मशीनवर तिथूनच फिल्म उसवत जाते. त्यामानाने आठ दिवस काहीच नाहीत.

वासाचं म्हणशील, तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची प्लास्टिकची पट्टी, कुजताना जे आम्ल सुटतं तेच कुजणं आणखी वाढवतं. थंड, कोरड्या जागी त्याचा वेग कमी होतो. झालेलं नुकसान भरून येत नाही. तो डबा बाकीच्या डब्यांपासून आजच वेगळा ठेव. खिडकी उघडी ठेवून काम कर, मास्क लाव.

आता तो सेलोटेप, ज्याचा तुला सगळ्यात राग आला आहे. ती प्रिंट तंबूत फिरलेली आहे. जत्रेत खेळ रंगात आलेला असताना फिल्म तुटली, प्रेक्षक ओरडायला लागले, तेव्हा ऑपरेटरने हाताशी होतं ते चिकटवलं आणि खेळ पुढे चालवला. त्याला बोल लावू नकोस. डिंक शेजारच्या वेढ्यांवर पाझरलाय, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला बोळा फिरवून काढ. आधी कडेला वापरून बघ. चकचकीत बाजू त्यातल्या त्यात सोसते. इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, मॅट बाजूला टेप असेल तर ओढूच नकोस, चित्र टेपबरोबर येतं. बुरशीच्या जागी पाणी अजिबात नको. बुरशीने त्या थरातलं जिलेटिन इतकं कमजोर झालेलं असतं की ते पाण्यात विरघळतं.

मी एकदा ओढलं होतं. शाळेच्या गॅदरिंगचं 16 मिमीचं रीळ, वेढे एकमेकांना चिकटलेले. संध्याकाळ झाली होती, मला ते त्याच दिवशी संपवायचं होतं. किंचित जोर लावला आणि चर्र असा बारीक आवाज झाला. लाइट बॉक्सवर धरलं, तर नाचणाऱ्या एका मुलीचा चेहरा पुढच्या वेढ्याच्या पाठीला चिकटलेला आणि तिच्या जागी नुसता पारदर्शक पट्टा. दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून दुपारी चारनंतर मी चिकटलेलं रीळ उलगडायला घेत नाही.

सांधा नीट बसावा म्हणून फाटकी चौकट कापून टाकायचा मोह होईल. कापू नकोस. 35 मिमीवर आवाजाची पट्टी चित्राच्या साधारण 20 चौकटी पुढे असते, त्यामुळे एक चौकट गेली की चित्र एकीकडचं जातं आणि शब्द दुसरीकडचा. फाटलं तसंच जोड आणि वहीत लिही: कितव्या फुटावर, काय होतं, तू काय केलंस.

आज जिथे थांबली आहेस तिथे आम्लविरहित कागदाची पट्टी घाल, रीळ सैलसर गुंडाळ आणि घरी जा. सोमवारी सकाळी मी येतो. तो चिकटलेला भाग दोघं मिळून बघू.

तुझे,
सर