रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

प्रश्न : मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या पातळ द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळून ते उन्हात ठेवले असता काही तासांत पाणी रंगहीन झाले. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी याच रीतीने शुद्ध करता येईल का?

उत्तर : रंग नाहीसा होणे आणि पाणी शुद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पुडीच्या कणांवर पडला, की त्यांतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टीत जातो आणि मागे धनभारित होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उरते. हे होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला OH गट) तयार करते, आणि हा अतिशय क्रियाशील मूलक रंगाच्या रेणूवर तुटून पडतो. इलेक्ट्रॉन मात्र पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने उचलून न्यावा लागतो. तसे झाले नाही, तर तो पुन्हा होलाशी जुळतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून द्रावणात हवा सोडत राहणे महत्त्वाचे आहे.

आता रंगाविषयी. रेणूचा रंग दाखवणारा भाग आधी मोडतो, पण उरलेले तुकडे, विशेषतः बेंझिनची कडी असलेले, पाण्यातच राहतात आणि त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर होण्यास बराच अधिक वेळ लागतो. मिथिलीन ब्लूची आणखी एक अडचण अशी, की ऑक्सिजन कमी पडल्यास त्याचे रंगहीन रूप तयार होते, जे हवा मिळताच पुन्हा निळे होते. शिवाय काही रंग कणांना नुसता चिकटूनही बसतो. त्यामुळे द्रावण आधी अर्धा तास अंधारात ढवळावे, पुडीविना दुसरे द्रावण उन्हात ठेवून तुलना करावी, आणि रंगाबरोबरच एकूण सेंद्रिय कार्बन किंवा निदान सीओडी (पाण्यातील पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) मोजावा, असा माझा आग्रह आहे.

सांडपाण्याची स्थिती आणखी कठीण असते. गडद पाण्यात प्रकाश वरच्या थरातच अडतो. सुती कापडासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे) वापरताना भरपूर मीठ आणि धुण्याचा सोडा घालावा लागतो, आणि त्यांतून आलेले क्लोराइड व कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक स्वतःच खाऊन टाकतात. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो, तर बारीक पूड नंतर गाळून काढणे खर्चिक ठरते. काचेवर किंवा जाळीवर ती बसवली तर गाळणे टळते, पण पाण्याशी संपर्कात येणारा पृष्ठभाग कमी होतो. म्हणून जैविक प्रक्रियेने बहुतेक सेंद्रिय भार उतरवल्यावर मागे राहिलेल्या पातळ, चिवट रंगासाठी अखेरची पायरी म्हणूनच ही पद्धत मला योग्य वाटते. तुमच्या प्रयोगात पुढचे पाऊल म्हणून त्याच द्रावणात थोडे मीठ आणि सोडा घालून पाहावा. रंग जायला लागणारा वेळ किती बदलतो, त्यावरून खऱ्या सांडपाण्याचा अंदाज येऊ लागेल.