फेरेटचं पिल्लू चावतंय? आधी एवढंच कर

अरे घाबरू नकोस, चावतंय म्हणजे ते वाईट निघालं असं नाही, फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी, त्याची पिल्लं एकमेकांशी खेळतात तीच मुळी चावून, आणि त्यांची कातडी असते जाड, आपली नसते, एवढंच त्याला अजून कळलेलं नाही.

त्यामुळे मारायचं नाही, नाकावर टिचकी पण नाही. नवीन लोक हमखास हेच करतात आणि मग हात दिसला की ते आणखी जोरात धरतं. हात झटकलास तर त्याला खेळच वाटतो. त्यापेक्षा मानेमागची सैल कातडी हलकेच धर, खालून आधार दे, "नाही" म्हण आणि दोन-तीन मिनिटं रिकाम्या बॉक्समध्ये ठेव. पिंजऱ्यात नको, ते त्याचं घर आहे. आणि हे घरातल्या सगळ्यांनी करायचं, तू शिकवणार आणि धाकटा भाऊ बोटं नाचवत बसणार, मग काय उपयोग!

बाकी,
- रोज तीन-चार तास तरी मोकळं सोड. झोपतं 14 तासांच्या वर, पण जागेपणी कोंडलं तर चिडचिडं होणारच.
- खाणं फक्त मांसाहारी. दूध-पोळी, फळं, बिस्किटं बंद.
- रबराची खेळणी काढून टाक, तुकडा गिळला तर आतडं अडतं.

आणि पुण्यातला एप्रिल-मे! पारा 30 च्या वर गेला की याला उष्माघात होऊ शकतो, घाम जवळजवळ येतच नाही त्यामुळे नुसत्या पंख्यावर भागत नाही. वरच्या मजल्यावर राहत असशील तर एसीचं आत्ताच बघ. हार्नेस (बाहेर फिरवायचा अंगपट्टा), ट्रिक्स वगैरे सगळं नंतर.