स्वाध्यायपुस्तिकेतली चित्रं आणि चित्रकाराचे पैसे

धरमपेठेतल्या शाळेत शिकवताना तू मुलांना एखाद्या चित्राची प्रत काढून दिलीस, तर कायद्याची आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिक्षकाला ती मुभा देतं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातल्या, पुस्तकांची निवडक पानं एकत्र करून काढलेल्या झेरॉक्स संचांनाही ती लागू धरली. पण तेच चित्र पुस्तिकेत छापून सीताबर्डीला विकायला ठेवलंस, की मामला वेगळा. तिथे लेखी परवानगी घे आणि पैसे दे. ‘तुमचं नाव छापू ना’ म्हणजे मानधन नव्हे. चित्रकला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना हेच ऐकवलं जातं, त्याचा मला फार राग येतो. करारात चित्र वापरण्याच्या हक्काची मुदत लिही, नाहीतर कायदा ५ वर्षंच धरतो. प्रती किती, पीडीएफ फिरवणार का, तेही. आणि थोडी रक्कम काम सुरू होण्याआधीच देऊन टाक.