गट मोठा झाला, पण ओळखी झाल्या नाहीत

आयटीत काम करणाऱ्या वाचक-मैत्रिणींची बरीच पत्रं या महिन्यात आली. एकमेकींच्या मदतीसाठी आयटीतल्या बायकांचा गट काढणं बहुतेकींना जमलं आहे. तो टिकवताना दमछाक होते आहे. त्यातल्या चार पत्रांना उत्तरं देत आहोत.

आम्ही आठ जणींनी वर्षभरापूर्वी व्हॉट्सॲप गट काढला. आज त्यात १४० जणी आहेत, पण ‘सुप्रभात’, नोकरीच्या लिंक आणि साड्यांच्या जाहिराती सोडून काही येत नाही. पहिल्या भेटीला २२ जणी आल्या, दुसरीला चारच. चुकतंय कुठे? – एक वाचक, नाशिक

तुमच्याकडे यादी जमली आहे, ओळखी अजून व्हायच्या आहेत. १४० जणींसमोर ‘माझा मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघींनी एकाच कोडमध्ये केलेल्या बदलांची टक्कर) सुटत नाहीये’ असं लिहायला कुणी धजत नाही, कारण वाचणाऱ्यांत आपली टीम लीड आहे की एचआरमधली कुणी, हेच माहीत नसतं. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तेही अनेकींना खटकतं. मोठा गट फक्त सूचनांसाठी ठेवा, संदेश ॲडमिननेच टाकायचे असं सेटिंग करा. बोलण्यासाठी आठ-दहा जणींचे छोटे गट करा: टेस्टिंगवाल्या, डेटावाल्या, नोकरीत नुकत्या लागलेल्या. अमेरिकन संगणकतज्ज्ञ अनिता बोर्ग यांनी १९८७ साली संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी ‘सिस्टर्स’ ही ईमेल यादी सुरू केली, तीसुद्धा एका तांत्रिक परिषदेत भेटलेल्या मोजक्या जणींना धरूनच.

आता भेटीबद्दल. तारीख दर महिन्याला मतदान घेऊन ठरवू नका. मतदानात आठवडा जातो आणि शेवटी जिची सोय झाली नाही ती नाराज होते. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार, ११ ते १’ असं एकदा ठरलं की घरी सांगून ठेवता येतं, मुलांची सोय लावता येते. संध्याकाळी सातनंतरची वेळ आमच्या मते टाळावीच. परतीच्या प्रवासाच्या विचाराने अर्ध्या जणी घरूनच निघत नाहीत. जागा म्हणून कॅफे नको. तिथे आवाज असतो, प्लग नसतात आणि काहीतरी मागवत राहावं लागतं. शनिवारी रिकामी असणारी कॉलेजची संगणक प्रयोगशाळा किंवा वाचनालयाचा छोटा हॉल मागून बघा. बसथांबा जवळ आहे का आणि स्वच्छतागृह उघडं असतं का, हे आधी स्वतः जाऊन पाहा. कंपनीची मीटिंग रूम मिळाली तर गेटवर लागणारी नावांची यादी आदल्या दिवशी द्या, नाहीतर पहिला अर्धा तास सुरक्षारक्षकाशी बोलण्यातच जातो.

दोन तासांची वाटणी साधारण अशी करा: १५ मिनिटं ओळख, ४० मिनिटं गटातल्याच एकीचं सादरीकरण, ५० मिनिटं लॅपटॉप उघडून एकमेकींच्या अडलेल्या गोष्टी सोडवणं, शेवटची १५ मिनिटं पुढच्या महिन्याची ठरवाठरवी. ओळखीत पद आणि कंपनी सांगायला लावू नका. नाव आणि ‘या आठवड्यात मी कुठे अडकले’ एवढंच पुरे. सीनियर बाईंनी स्वतःपासून सुरुवात केली की बाकीच्यांची भीड चेपते.

२२ वरून चारवर येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पहिल्या भेटीनंतर कुणाच्याच हाती काही काम उरत नाही. निघण्यापूर्वीच कामं वाटून टाका: चहा एकीकडे, प्रोजेक्टर दुसरीकडे, पुढचं सादरीकरण तिसरीकडे. नव्याने आलेल्या प्रत्येकीमागे एक जुनी मैत्रीण लावून द्या, आणि तिने आदल्या बुधवारी फोन करायचा. मेसेज नव्हे, फोन. संयोजक किमान तीन असाव्यात, आणि दर सहा महिन्यांनी एक बदलावी. हॉलवाल्यांचा नंबर, पासवर्ड आणि जमाखर्च एका कागदावर लिहिलेला असू द्या. चालता गट बंद पडतो तो बहुतेक वेळा एकाच बाईच्या खांद्यावर सगळं असल्याने. तिची बदली होते, बाळ होतं, नोकरी बदलते, आणि हॉलची चावी कुणाकडे आहे हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही.

३० मुलींसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. मागच्या वर्षी अर्धा दिवस इन्स्टॉलेशनमध्येच गेला. – एक वाचक, कोल्हापूर

ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोन पोलिश प्रोग्रामरनी २०१४ मध्ये बर्लिनला मुलींना प्रोग्रामिंग शिकवणारी पहिली ‘जँगो गर्ल्स’ कार्यशाळा घेतली (जँगो हे पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याचं साधन). त्यांचं शिकवणीचं साहित्य मोफत उपलब्ध आहे, ते वापरा. त्यांच्याकडून घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत: इन्स्टॉलेशन आदल्या संध्याकाळीच उरकायचं, आणि साधारण तीन मुलींमागे एक मार्गदर्शक ठेवायची. तीसजणींना दहा मार्गदर्शक, शिवाय दोन जादा, कारण दोघी तरी ऐनवेळी येत नाहीत.

विंडोजवर घोळ होतो तो इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत. तळाशी पायथन ‘पाथ’मध्ये (संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत) घालण्याचा एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण करायची राहिली की इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडतं, पण कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) ‘python’ टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि मुलीला वाटतं, आपलंच काही चुकलं. अशा वेळी पुन्हा इन्स्टॉलर चालवून ‘मॉडिफाय’ निवडा, पुढे पायथन ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’मध्ये घालण्याच्या चौकोनावर खूण करा, आणि कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर बहुधा ॲडमिनचे, म्हणजे नवं सॉफ्टवेअर टाकण्याचे, अधिकार नसतात, त्यामुळे तो आणू नका असं निमंत्रणातच लिहा.

तीस लॅपटॉप एकदम डाउनलोड करायला लागले की कॉलेजचं वायफाय मान टाकतं. इन्स्टॉलर आणि लागणारी पॅकेजेस (पायथनला जोडायचे तयार कोड) आधीच उतरवून चार-पाच पेनड्राइव्हवर ठेवा. पाच जणींमागे एक एक्स्टेन्शन बोर्ड, म्हणजे सहा लागतील. बोर्डाला बोर्ड जोडत जाऊ नका.

मार्गदर्शकांची पाऊण तासाची बैठक आधी घ्याच. तिथे दोन नियम सांगा. मुलीच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. तिनेच टाइप करायचं, चुकलं तरी. आणि ‘अगं, हे तर अगदी सोपं आहे’ किंवा ‘अय्या, हे पण माहीत नाही?’ ही वाक्यं बंद. सोपं म्हटलेली गोष्ट जमली नाही की पुढचा प्रश्न ती विचारतच नाही. चांगली शिकवणारी बाईसुद्धा घाईत हे बोलून जाते, म्हणून आधी सांगून ठेवणं बरं.

आमच्या गटात एकीने वरिष्ठाच्या अश्लील मेसेजबद्दल लिहिलं. काहींचा आग्रह आहे की त्याचं नाव आणि स्क्रीनशॉट सगळीकडे टाका. आम्ही काय करावं? – एक वाचक, पुणे

राग रास्त आहे, पण स्क्रीनशॉट फिरवू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारीतला मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करता येत नाही. तसं केलं तर उलट तिच्याचवर बोट दाखवलं जाऊ शकतं.

तिला आधी मुदत सांगा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे: अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. ती चालू असताना दोघांपैकी एकाची बदली किंवा स्वतःसाठी तीन महिन्यांपर्यंत रजा ती लेखी मागू शकते. समितीत कुणी ‘मिटवून टाका’ म्हणालं तर लक्षात असू द्या, समेट तिने स्वतः मागितला तरच होतो, आणि तो पैशांवर होऊ शकत नाही.

गटाने दोन जणी नेमाव्यात, ज्यांच्याशीच या विषयावर बोलायचं. तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण होतं, हे त्यांनी तिच्याकडून तिच्याच शब्दांत वहीत लिहवून घ्यावं. वहीच बरी; ऑफिसच्या लॅपटॉपवर ही टिपणं नकोत. मूळ मेसेज डिलीट करू नयेत. चौकशी करणं, साक्षीदारांना फोन करणं हे गटाचं काम नाही. तक्रार द्यायला सोबत जाणं आणि नंतरच्या कंटाळवाण्या तीन महिन्यांत दर आठवड्याला विचारपूस करणं हे मात्र आहे. तातडीचा धोका वाटला तर ११२, आणि महिला हेल्पलाइन १८१.

मी पुरुष आहे, टीम लीड आहे. अशा गटाला मदत करावीशी वाटते. भेटींना येऊ का? – एक वाचक, ठाणे

बोलावलं तर या. कार्यशाळेत मार्गदर्शक म्हणून तुमची गरज पडेल, पण महिन्याच्या भेटीत जे बोललं जातं ते तुम्ही खोलीत असताना बोललं जाणार नाही. त्याऐवजी तुमच्या कंपनीची मीटिंग रूम शनिवारी मिळवून द्या. भेटीच्या दोन तासांत शेजारच्या खोलीत मुलांना सांभाळणारं कुणी असेल, तर येणाऱ्यांची संख्या लगेच वाढते. ते काम आवर्जून मागून घ्या. आणि तुमच्याच टीममध्ये मीटिंगचे मिनिट्स लिहिणं आणि वाढदिवसाचा केक आणणं दर वेळी कुणाकडे जातं ते बघा. सोमवारपासून त्याची पाळी लावा, पहिलं नाव तुमचं.