कयाकमध्ये बसलं की लाईफ जॅकेट वर सरकून हनुवटीला लागतं. एक नंबर लहान घ्यावं का?

नाही, एवढ्यात नंबर बदलू नका. तुमची छाती ४० इंच आणि जॅकेटवर ३८ ते ४२ लिहिलंय, म्हणजे माप बरोबर घेतलंय. तारकर्लीला वल्हवताना जॅकेट हनुवटीला घासत होतं, पाण्यात उतरल्यावर थेट कानांपर्यंत आलं, आणि खांद्याचे पट्टे दोनदा आवळूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं त्या पट्ट्यांतच आहे. तुम्ही ते आवळलेत म्हणूनच जॅकेट जास्त वर आलं.

मी देवबागची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी, असं आमचं गाव. गेली बारा वर्षं मी खाडीत पाहुण्यांना कयाक शिकवते. दर हंगामात शेकडो लोकांना जॅकेट घालून देते आणि जवळजवळ प्रत्येकाचा हात पहिल्यांदा खांद्याकडेच जातो. दप्तर पाठीवर घ्यायची सवय असते, त्यामुळे खांदे घट्ट केले की जॅकेट बसलं असं वाटतं.

पाण्यात मात्र उलटं घडतं. दप्तर खाली ओढतं, जॅकेट वर जायला बघतं. आत फोम आहे, तो तरंगणार, आणि तुमचं अंग खाली राहणार. पाण्यात आपलं बहुतेक वजन पाणीच पेलतं. डोकं वर राहायला मोठ्या माणसाला साधारण ३ ते ५ किलोची मदत पुरते. पण ती मदत अंगाला मिळायची तर जॅकेटने अंगाला कुठेतरी धरून ठेवायला हवं. ती जागा म्हणजे बरगड्या संपतात तिथून खाली, कंबरेचा आत गेलेला भाग. तिथे पट्टा घट्ट बसला की वरचा बरगड्यांचा पिंजरा त्याला अडवतो. खांद्याचे पट्टे आधी आवळले तर जॅकेटचा खालचा काठच वर उचलला जातो, कंबरेचा पट्टा बरगड्यांवर चढतो, आणि मग त्याला अडवायला काही उरत नाही.

म्हणून घालायची रीत अशी. सगळे पट्टे पूर्ण सैल करा, अगदी शेवटपर्यंत. जॅकेट घाला, चेन लावा, खालचा काठ दोन्ही हातांनी धरून खाली ओढा. मग कंबरेचा पट्टा बरगड्यांच्या खाली आणून आवळा. दीर्घ श्वास घेता आला पाहिजे, पण पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त शिरता कामा नयेत. त्यानंतर कुशीतले पट्टे खालून वर, डावा-उजवा सारखे. खांद्याचे सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त ढिलेपणा जाईपर्यंत. माझे बाबा नवीन मुलांना एवढंच सांगायचे, "आधी कंबर, मगे खांदो." चेनवर भरवसा ठेवू नका, ती जॅकेट मिटवते, धरून ठेवत नाही.

आता कोणाला तरी मागे उभं करा आणि दोन्ही खांद्यांवर जॅकेट धरून जोरात वर ओढायला सांगा. इंच-दीड इंच हललं तर चालेल. हनुवटीला किंवा कानाला टेकलं तर सगळे पट्टे सोडून पुन्हा पहिल्यापासून. सगळे पट्टे टोकापर्यंत ओढून झाले आणि तरीही जॅकेट वर येतंय, असं झालं तरच एक नंबर लहान बघायचा.

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका आहे, कारण तुम्ही "बसलं की" असं लिहिलंय. उभ्याने छान बसलेलं जॅकेट कयाकमध्ये का बिघडतं? बसलं की धड आखूड होतं आणि जॅकेटचा पुढचा काठ मांड्यांवर टेकून वर ढकलला जातो. त्यात आमच्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कयाक वर उघड्या बसायच्या असतात आणि त्यांना उंच, फोमची पाठ लावलेली असते. तुमच्या जॅकेटचा मागचा फोम कंबरेपर्यंत येत असेल तर सीटची पाठ त्याला खालून रेटते. प्रत्येक वल्ह्याला तुम्ही थोडे मागे रेलता, आणि प्रत्येक वेळी जॅकेट केसभर वर जातं. अर्ध्या तासात हनुवटी गाठतं. हे पट्ट्यांनी सुटणार नाही. सीटची पाठ खाली करता येत असेल तर करा, किंवा मागून थोडी सैल सोडून ताठ बसा. एरवी वल्हवणाऱ्यांसाठी वेगळं जॅकेट मिळतं. त्याचा मागचा फोम वर, खांद्याच्या पात्यांवर असतो आणि खाली नुसती जाळी असते. वारंवार कयाक करणार असाल तर मी तेच घ्यायला सांगेन. घरी तपासायचं असेल तर जॅकेट घालून जमिनीवर पाय पसरून बसा, पाठीला दोन जाड उशा लावा आणि काठी हातात घेऊन पाच मिनिटं वल्हवल्यासारखं करा. जॅकेट कुठे घासतं, कशाने वर सरकतं ते तिथेच कळेल.

पोट सुटलेलं असेल तर कंबरेची ती खोबणच नसते, मग पट्टा कितीही आवळा, तो निसटतोच. अशांनी मांड्यांमधून जाणारा पट्टा लावून घ्यावा, कासोट्यासारखा मागून पुढे. लोक लाजतात. पण त्याच्यासारखं खात्रीचं दुसरं काही नाही, आणि तो वेगळा विकतही मिळतो.

बायकांना बऱ्याचदा छातीमुळे एक नंबर मोठं जॅकेट दिलं जातं, ते चूक आहे. मोठ्या जॅकेटात कंबर सुटते. पुढचा फोम दोन भागांत विभागलेला असेल असं बघावं आणि कुशीतले पट्टे मोकळे ठेवून कंबर बरोबर आवळावी. साडी किंवा ओढणी असेल तर मी कयाकमध्ये बसूच देत नाही. साडीच्या निऱ्यांवर पट्टा बांधला की कोरडा असेपर्यंत घट्ट वाटतो, पण कापड भिजलं की आतल्या आत सरकतं आणि पट्टा ढिला पडतो. ओढणी तर गळ्याशी नकोच. कोणी रागावलं तरी मी ऐकत नाही. घट्ट बसणारा, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यात बरा. ज्या कपड्यांत पाण्यात जाणार त्याच कपड्यांवर जॅकेट बसवून बघा.

मी इतकी मागे का लागते ते सांगते. शिकवायला लागण्याआधीची गोष्ट. कर्लीच्या मुखाजवळ मी एकटी वल्हवत होते. अंगात उसनं आणलेलं जॅकेट होतं, माझ्या मापापेक्षा मोठं, आणि किनाऱ्याजवळच तर जायचंय म्हणून कंबरेचा पट्टा लावलाच नव्हता. ओहोटी लागली होती, समोरून वारा होता. नदीचं पाणी बाहेर आणि वाऱ्याच्या लाटा आत, अशा वेळी मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. कयाक आडवी झाली आणि मी पाण्यात. जॅकेट सरळ वर आलं, कडा दोन्ही कानांवर, तोंड आत, समोरचं काही दिसेना. मला पोहता येतं, लहानपणापासून येतं. पण माझे दोन्ही हात जॅकेट खाली धरून ठेवण्यात अडकले. वल्हं गेलं, कयाक गेली, कारण धरायला हातच मोकळा नव्हता. ओढीने मला बाहेर न्यायला सुरुवात केली होती. होडीतून परतणाऱ्या दोघांनी बघितलं म्हणून मी आज हे लिहिते आहे. पाण्यात तुमचं जॅकेट कधी असं वर आलंच तर हात क्रॉस करून दोन्ही खांद्यांवर जॅकेट पकडा, कोपर कुशीत दाबा, गुडघे पोटाशी घ्या. डोकं बाहेर राहतं. पण हात बांधले जातात, हे विसरू नका.

भाड्याच्या नारिंगी जॅकेटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते, कारण तुमच्याबरोबरचे लोक तेच घालणार. देणाऱ्याने अंगावर टाकलं की लगेच निघू नका. फोम चिमटीत दाबून सोडा, तो परत फुगला पाहिजे. दबलेलाच राहिला किंवा कुरकुरीत लागला तर तो गेलेला आहे. वाळूत बसायला उशी म्हणून जॅकेट वापरतात, त्यानेही फोम दबून मरतो. कापड उन्हाने पांढुरकं झालं असेल तर नखाने ओढून बघा, जुनं कापड फाटतं. पट्टा आवळून त्याला झटका द्या. बकलात मीठ आणि वाळू साचली असेल तर पट्टा हळूहळू सुटत जातो. असं काही दिसलं तर दुसरं मागा. मागायला संकोच करू नका.

आतल्या बाजूच्या लेबलवर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचं माप, तो वाचा. ५० असेल तर ते पोहता येणाऱ्यासाठी, किनारा किंवा मदत जवळ असताना वापरायचं. ते हालचालीला सोपं असतं, वल्हवणारे तेच घालतात, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणं करत नाही. १०० किंवा त्याहून जास्तवाल्याला मानेमागे कॉलर असते आणि ते चेहरा पाण्याबाहेर ठेवायच्या दृष्टीने बनवलेलं असतं. पोहता येत नसेल तर थोडं अवघडलं तरी चालेल, तेच घ्या. हवेने फुगणाऱ्या पातळ जॅकेटच्या नादी नवशिक्याने लागू नये. अंगावर पाणी उडत असताना ती नको तेव्हा फुगतात, आणि हाताने ओढायची असतील तर घाबरलेल्या माणसाला दोरी सापडत नाही.

एकदा नीट बसलं की पट्टा जिथे थांबला तिथे रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला. पुढच्या वेळी तिथवर ओढायचं, अंदाज नको. पट्ट्याची मोकळी टोकं आत खोचून ठेवा. खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन टाका आणि पडवीत सावलीला वाळवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आता तुमच्या आठ वर्षांच्या मुलीचं. तुम्ही लिहिलंय की तिला जरा मोठंच घेतलंय, दोन-तीन वर्षं चालेल म्हणून. फ्रॉक, शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, लाईफ जॅकेट नाही. ते परत करा. मुलांचं जॅकेट वजनावर घ्यायचं असतं, छातीवर नाही. ती २५ किलोची असेल तर ज्यावर २० ते ३० किलो लिहिलंय तेच. मानेमागे कॉलर हवी, ज्याला धरून मूल वर ओढता येईल असा कणखर पट्टा हवा, आणि मांड्यांमधला पट्टा हवाच. मुलांना कंबर नसते, सरळ अंग असतं, त्यामुळे त्या पट्ट्याशिवाय जॅकेट डोक्यावरून निघून येतं. घालून झालं की जॅकेटच्या खांद्यांना धरून तिला जमिनीवरून किंचित उचला. जॅकेटबरोबर ती उचलली गेली पाहिजे, जॅकेट एकटं नाही.

आणि पुढच्या वेळी आलात की पहिल्याच दिवशी कयाकला हात लावायच्या आधी भरती पुरी होऊन पाणी थांबलं की खाडीत तिच्या छातीइतक्या पाण्यात तिच्याबरोबर उभे रहा. तिला पाय उचलून मागे रेलायला सांगा. पहिल्यांदा ती तुमचा हात घट्ट धरेल, धरू द्या. दुसऱ्यांदा सैल करेल. तोंड पाण्याबाहेर राहतंय, जॅकेट कानांना लागत नाहीये, असं तिला स्वतःला कळलं की ती हात सोडेल. मग तुम्ही स्वतःही तसेच रेलून बघा.